बारा मात्रांची मजुरी

स्पेनचा फ्लामेंको नाचणाऱ्या जिप्सी बाईचं कौतुक करताना जगभर एक वाक्य हमखास येतं: ‘हे यांच्या रक्तातच असतं.’ वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, म्हणून कुणी हरकत घेत नाही. घ्यायला हवी. जे रक्तात आहे ते शिकावं लागत नाही, बांधावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याची मजुरी मागता येत नाही. श्वास घेतल्याबद्दल पगार कोण देतं? स्पेनमधल्या जिप्सींना तिथे ‘खितानो’ म्हणतात आणि ते स्वतःही हे नाव अभिमानानं लावतात. या खितानो कलावंतांना टाळ्या पोटभर मिळाल्या. श्रेय, लेखी करार आणि म्हातारपणची सोय यांच्या बाबतीत मात्र हात कायम आखडता राहिला. त्याचं एक मोठं कारण हे गोड वाक्य आहे.

उदाहरण फ्लामेंको नर्तकी कार्मेन अमायाचंच घेऊ, कारण ‘रक्त’वाल्यांची ती सर्वांत लाडकी. बार्सिलोनाच्या समुद्रकाठी सोमोरोस्त्रो नावाची झोपडवस्ती होती, तिथे तिचा जन्म. साल 1913 की 1918 यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. हुकमी जन्मनोंद असती तर तो झालाच नसता. वडील होसे अमाया, ‘एल चिनो’ या नावानं ओळखले जाणारे गिटारवादक. पोरगी पाच-सहा वर्षांची असल्यापासून बाप तिला रात्री गुत्त्यांत आणि खानावळींत नेई. तो वाजवी, ती नाचे, मग पैशांसाठी फेरी. एवढ्या लहान मुलीला नाचवणं कायद्यात बसत नव्हतं, त्यामुळे पोलिसांचा डोळा चुकवणं हाही धंद्याचा भाग. 1929 मध्ये ती नात्यातल्याच हुआना ‘ला फाराओना’ या नर्तकीबरोबर पॅरिसच्या रंगमंचावर होती. 1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा लिस्बनमार्गे ब्वेनोस आयरेस गाठलं, पुढे लॅटिन अमेरिकाभर दौरे केले. 1941 मध्ये न्यूयॉर्क, जानेवारी 1942 मध्ये कार्नेगी हॉल, सोबतीला साबिकाससारखा गिटारवादक, मग हॉलिवूडच्या चित्रपटांत नाच. 1947 मध्ये स्पेनला परत. 19 नोव्हेंबर 1963 रोजी मूत्रपिंडाच्या विकारानं बेगूर या गावी मृत्यू. वय पन्नास, किंवा पंचेचाळीस.

या कारकिर्दीवर लिहिणाऱ्यांनी ज्वालामुखी, वीज, वाघीण असे शब्द सढळ हातानं वापरले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलच्या खोलीत अमाया मंडळींनी पलंगाच्या स्प्रिंगांवर सार्डिन मासे भाजले, ही दंतकथा आजही चवीनं सांगितली जाते. खरी असो-नसो, विकली जाते. मात्र तिनं नाचात नेमकं काय बदललं, हे त्या मानानं फार कमी जण सांगतात. तिच्या आधीच्या रूढीनुसार बाईनं कमरेच्या वर नाचायचं, म्हणजे हात, मनगटं, पाठ. टाचांची झड ही पुरुषांची मिरास. अमायानं उंच कमरेची पँट आणि आखूड जाकीट चढवून ती मिरास मोडली. घेरदार झग्यात गुडघ्याची चूक, अर्धवट पडलेली टाच, डगमगलेला तोल सगळं खपून जातं. पँटमध्ये काही खपत नाही. ज्या बाईनं स्वतःहून लपायची जागा काढून टाकली, तिच्या कामाला ‘उत्स्फूर्त’ म्हणणं म्हणजे तिनं केलेला हिशेबच पुसून टाकणं.

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला आहे. फ्लामेंकोचे बरेच प्रकार बारा मात्रांच्या आवर्तनावर चालतात. आपल्या एकतालातही बारा मात्रा, पण तिथे दोन-दोनचे सहा समान विभाग. इथे विभागणी तीन-तीन-दोन-दोन-दोन अशी विषम. सोलेआ आणि आलेग्रीयास या प्रकारांत जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर पडतो. बुलेरीया हा वेगवान प्रकार मोजताना बहुतेक जण बारापासूनच सुरुवात करतात: बारा, एक, दोन, तीन. आपल्या कानाला सर्वांत जड जातं ते असं की वाक्य पहिल्या मात्रेवर येऊन बसत नाही. समेची सवय असलेला माणूस पहिलीची वाट बघत राहतो, आणि इथे नर्तकी दहावर वाक्य बंद करून मोकळी झालेली असते. अकरा-बारा हा दम घ्यायचा अवकाश. नवखे इथेच फसतात. बारावर बंद करायला जातात आणि पुढच्या आवर्तनाचं दार स्वतःच अडवून उभे राहतात.

आता आलेग्रीयासचा एक पूर्ण नाच बघा. आठ-दहा मिनिटांचा ऐवज. गायक ‘तिरितित्रान’च्या निरर्थक अक्षरांनी सुरुवात करतो. नर्तकी प्रवेश करते आणि ‘यामादा’ घेते, म्हणजे पायांनी गायकाला हाक मारते. हाक साधारण दोन आवर्तनांची. ती गुळमुळीत झाली तर गायक उचलत नाही, किंवा भलत्या जागी उचलतो, आणि मग पुढची दोन मिनिटं सगळे एकमेकांचा माग काढत राहतात. गाणं सुरू झालं की पाय थांबले पाहिजेत. शब्दांवर टाचा आपटणं ही या धंद्यातली असभ्यता आहे; ओळ संपली की तिच्या शेपटाला एक छोटा ठोका लावायचा, त्याला ‘रेमाते’ म्हणतात. मग ‘सिलेन्सियो’: गायक गप्प, गिटार उदास सुरावटीकडे वळते, लय उतरते, आणि नर्तकी फक्त हातांवर आणि पाठीवर उभी राहते. त्यानंतर ‘एस्कोबिया’, निव्वळ पदकाम. संथ सुरू होतं, हळूहळू चढतं. सगळ्यांत मोठे अपघात इथलेच. टाळ्या ऐकून नर्तकी लय आधीच पळवते, पाल्मास म्हणजे टाळीची संगत धरणारे मागे धावतात, गिटार दोघांच्या मध्ये लोंबकळते, आणि शेवटच्या बुलेरीयात शिरायची वेळ येते तेव्हा चढायला जागाच उरलेली नसते. बुलेरीया मिनिटाला दोनशेच्या वर ठोक्यांनी धावू शकते. तिथे थकून पोहोचलात तर प्रेक्षकांना कळेल-न कळेल, मागे बसलेल्या चौघांना नक्की कळतं.

म्हणजे रंगमंचावर ही बाई नाचत असते, आणि त्याच वेळी पायांनी चार-पाच माणसांचा ताफा हाकत असते. गायकाला कधी आत घ्यायचं, गिटारला कधी मोकळं सोडायचं, लय कुणाच्या हाती द्यायची, हे सगळं तीच ठरवते. ऑर्केस्ट्रासमोर काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाबद्दल ‘याच्या रक्तातच संगीत आहे’ एवढ्यावर कुणी बोळवण करत नाही.

शरीराचा हिशेब वेगळाच. बुटाची टाच पाच-सहा सेंटिमीटर. चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे दाटीनं ठोकलेले, आवाज त्यांचा. खिळा सैल झाला की फळीत अडकतो आणि घोटा मुरगळतो, म्हणून कार्यक्रमाआधी तळवा बोटानं चाचपून बघायची सवय लावतात. गुडघे कायम किंचित सैल हवेत. ताठ गुडघ्यावर टाच मारली की हादरा थेट कंबरेच्या मणक्यांत जातो. शेपटीचा झगा, म्हणजे ‘बाता दे कोला’, सहज तीन-चार किलोंचा. वळताना पायानं शेपूट मागून उचलून भिरकावावी लागते, पाय नीट उचलला नाही तर तीच शेपूट घोट्यांभोवती गुंडाळली जाते. वजन खेचतं कंबर, आणि किंमतही कंबरच मोजते. जमीन लाकडी हवी, आणि लाकडाखाली पोकळी हवी. काँक्रीटवर पातळ प्लाय टाकून वर्षभर रोज दोन-दोन खेळ केले की आधी गुडघे बोलायला लागतात, मग पाठ. फ्लामेंकोचे खेळ जिथे होतात त्या जागेला ताब्लाओ म्हणतात, आणि हा शब्दच मुळी फळीवरून आलेला. पण फळीखाली काय आहे, हे मालक क्वचित सांगतात.

मग घराण्यात जन्मण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि फार आहे. पण तो अर्थ शाळेचा आहे. खितानो घरात लग्न, बारसं, नाताळ म्हणजे रात्र-रात्र चालणारी मैफल. पोर आधी टाळी धरायला शिकतं. दबकी टाळी कुठे, खणखणीत कुठे, उलट्या मात्रेवर कधी जायचं. मग कधीतरी त्याला रिंगणात ढकलतात. दोन-चार आवर्तनांचा नाच करायचा, दहावर बंद करायचं, आणि वेळेत बाहेर यायचं. बाहेर येणं शिकायलाच सर्वांत वेळ लागतो. चुकलं तर मावशी हसते, काका पुन्हा लावून दाखवतो. दहा वर्षांत या पोराच्या कानावरून जेवढी आवर्तनं गेलेली असतात तेवढी पैसे भरून शिकणाऱ्याला गाठायला अर्धं आयुष्य लागतं. या शाळेला पाटी नाही, फी नाही, दाखला नाही, म्हणून आपण तिला ‘रक्त’ म्हणतो.

हौशींना तर धंदा म्हणजे विटाळच वाटत आला. 1922 साली ग्रानाडात संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी लोर्का यांच्या पुढाकारानं ‘कांते खोन्दो’ची, म्हणजे फ्लामेंकोतल्या खोल, गंभीर गाण्याची, प्रसिद्ध स्पर्धा झाली. हेतू चांगला होता, गाणं वाचवायचा. पण एकवीस वर्षांवरच्या व्यावसायिकांना तिच्यात मज्जाव होता. पोटासाठी गाणाऱ्यानं गाणं बाटवलं, असा समज. गंमत म्हणजे परीक्षकांचा अध्यक्ष अन्तोनियो चाकोन, पक्का व्यावसायिक गायक. चाकोन खितानो नव्हता, हेही इथेच सांगून टाकावं. फ्लामेंको घडवण्यात बिगर-खितानोंचा वाटा मोठा आहे: गायक सिल्वेरियो फ्रान्कोनेत्तीचे वडील इटालियन, गिटारवादक पाको दे लुसिया खितानो नाही, आणि आज सर्रास दिसणारा काहोन हा लाकडी पेटीचा ताल तर पेरूहून आला. ‘अस्सल ते फक्त खितानोंचं’ हा दावा जेव्हा खितानो बाजूनं होतो, तेव्हा तोही रक्ताच्याच भाषेत बोलतो. त्यानं अभिमान मिळतो, मान्य. पण करारावर सही मिळत नाही.

ज्यांच्या रक्ताचं एवढं कौतुक, त्याच माणसांना राज्यानं कसं वागवलं? 1425 मध्ये स्पेनमधल्या आरागॉनच्या राजानं त्यांना पहिलं प्रवासपत्र दिलं. 1499 मध्ये फर्मान निघालं की साठ दिवसांत स्थिर धंदा आणि धनी शोधा, नाहीतर देश सोडा. 1749 च्या जुलैअखेरीस एका ठरवलेल्या रात्री देशभर धरपकड झाली. नऊ हजारांवर माणसं, पुरुष आणि मोठे मुलगे नौदलाच्या गोद्यांत सक्तमजुरीला, बायका-मुलं वेगळ्या कोठारांत. कुटुंबं मोडून वंश संपवायचा, हा उघड हेतू होता. 1943 च्या नियमांनी सिव्हिल गार्ड या पोलीस दलाला खितानोंवर खास नजर ठेवायला सांगितलं. ते कलम 1978 मध्ये निघालं. बार्सिलोनानं 1959 मध्ये कार्मेन अमायाच्या नावाचं कारंजं बसवलं. 1966 मध्ये तिथल्या किनाऱ्यावर हुकूमशहा फ्रँको नौदलाच्या कवायती पाहायला येणार म्हणून सोमोरोस्त्रोच्या उरल्यासुरल्या झोपड्या काही दिवसांत जमीनदोस्त केल्या. कारंजं आहे तिथेच आहे.

आता आपल्याकडची आवृत्ती. ‘फ्लामेंको भारतातून गेला, तो कथकचाच भाऊ’ हे वाक्य मराठी वाचकांनी शंभरदा वाचलं असेल. यातलं खरं तेवढं ठेवू. रोमा, म्हणजे जिप्सी लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले, याला भाषेचा आणि जनुकांचाही पुरावा आहे. खितानोंच्या ‘कालो’ बोलीत पाण्याला ‘पान्यी’, सुरीला ‘चुरी’, देवाला ‘देबेल’ म्हणतात. ‘कालो’ म्हणजेही काळाच. ‘रोम’ हा शब्द ‘डोंब’वरून आला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण शब्द टिकले म्हणून नाच टिकला, असं होत नाही. आज आपण ओळखतो तो कथक एकोणिसाव्या शतकातल्या दरबारांत घडला. फ्लामेंकोही त्याच शतकात दक्षिण स्पेनच्या अंदालुसियातल्या घरांत, गुत्त्यांत आणि गाण्याच्या कॅफेंत घडला. दोघांची ताटातूट त्याआधी आठशे वर्षं झालेली. कथक अनवाणी, पूर्ण तळव्याचा, आवाज घुंगरांचा. फ्लामेंको खिळ्यांच्या टाचेचा. कथकची तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर येते, रेमाते दहावर तोडते. दोघांना एका मंचावर उभं करून केलेली जुगलबंदी ऐकायला छान लागते, पण तिच्यावरून वंशावळ काढता येत नाही. खितानो बाईनं अंदालुसियात उपाशी राहून जे घडवलं, ते ‘मूळचं आमचं’ म्हणणं म्हणजे तिच्या खात्यातून पुन्हा एकदा काढून घेणं. आणि ‘डोंब’ शब्दाचा इतका उमाळा आला असेल तर तारेवरच्या डोंबाऱ्याच्या पोरीचा शाळेचा दाखला आधी बघावा. अशा भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. तो रद्द झाला 1952 मध्ये. या जमातींना कोंडणारी सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट फार लांबची गोष्ट नाही.

लावणीच्या बाबतीत आपण हेच केलं. कोल्हाटी समाजातल्या बायकांच्या अदाकारीवर संगीत बारी उभी राहिली, आणि कौतुकाचं वाक्य तेच: रक्तात आहे. शाहिराला तरी शेवटच्या कडव्यात आपली मुद्रा घालता येते; होनाजी, रामजोशी, पठ्ठे बापूराव आपलं नाव गाण्यातच शिवून गेले. त्याच लावणीच्या एका ओळीवर दहा तऱ्हांनी अदा बसवणाऱ्या बाईला मुद्रा घालायला जागाच नाही. दौलतजादा मिळाला, म्हणजे बक्षिसी. बक्षिसीला पावती नसते आणि भविष्य निर्वाह निधीही नसतो. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झाला, अखेरचे दिवस हलाखीत गेले, आणि मग राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार काढला. बार्सिलोनाच्या कारंज्याची ही मराठी प्रत.

काय करता येईल, हे काही गूढ नाही. युनेस्कोनं नोव्हेंबर 2010 मध्ये फ्लामेंकोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि खितानोंचा वाटा मोलाचा असल्याचं नमूद केलं. 2007 च्या स्वायत्तता कायद्यानं फ्लामेंकोवरचा अधिकार अंदालुसिया सरकारकडे आहे. वारसा आहे, मंत्रालय आहे, निधी आहे. गिऱ्हाईक तर जपानपासून येतं. मग नाच बांधणारीचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर का नसावं? स्पेनच्या बौद्धिक संपदा कायद्यात नृत्यरचनेला संरक्षण आहे. पण जी ‘परंपरेतून’ नाचते तिचं काम रचना धरलं जात नाही, आणि तोच नाच अकादमीतल्या कुणी लिहून काढला की ती रचना होते. यावर आक्षेप येतो की अशानं परंपरा गोठेल, प्रत्येक ठोक्याला मालक उभा राहील. आक्षेप अर्धा खरा आहे. ठोका, रेमाते, वळण सगळ्यांचंच राहावं. व्याकरणाला मालक नसतो. पण पूर्ण बांधलेला दहा मिनिटांचा सोलेआ ही एका व्यक्तीची कृती आहे, आणि त्यातला एखादा तुकडा कुणाकडून घेतला हे एका ओळीत छापायला शाईसुद्धा लागत नाही. ख्याल गाणारा बंदिशीचं घराणं सांगतोच ना?

दुसरी गोष्ट कामाच्या दिवसांची. स्पेननं 2023 मध्ये कलावंतांसाठी खास बेकारी भत्ता आणला: आधीच्या अठरा महिन्यांत प्रत्यक्ष कामाचे, वर्गणी भरलेले साठ दिवस दाखवा, एकशे वीस दिवस भत्ता घ्या. तरतूद चांगली. मेख ‘वर्गणी भरलेले’ या शब्दांत आहे. ताब्लाओत रात्री दोन खेळ, हातात रोख, आणि कागदावर आठवड्याचा एकच दिवस, असा व्यवहार असला तर साठाचा आकडा गाठताना नाकी नऊ येतात. तालमीचे दिवस तर अनेकदा कागदावर येतच नाहीत, आणि वर सांगितलेली बारा मात्रांची सगळी कसरत तालमीतच होते. 2020 च्या टाळेबंदीत माद्रिदचं ‘कासा पातास’ कायमचं बंद झालं, तेव्हा आपले किती दिवस कागदावर आहेत हे पुष्कळ जणींना मोजावं लागलं. तिसरी गोष्ट शिकवण्याची: सरकारी नृत्यशाळेत जागा पदवीवर मिळते, आणि पदवीधर मंडळी सुट्टीत याच पदवी नसलेल्या बायांकडे शिकायला जातात. अनुभवाची परीक्षा घेऊन नेमणूक करता येते. तालाची परीक्षा घेणं सोपं आहे. सहा आवर्तनं नाचायला सांगा आणि दहावर बंद होतं का ते ऐका.

पुण्या-मुंबईत फ्लामेंकोचा ताफा किंवा संगीत बारी बोलावणाऱ्यांनी तरी करारात चार ओळी घालाव्यात. खेळ किती आणि प्रत्येकाचे पैसे किती. नाच कुणी बांधला, त्याचं नाव जाहिरातीत कोणत्या आकारात. दुखापत झाली तर खर्च कुणाचा, आणि तालमीच्या दिवसांचं काय. फ्लामेंको असेल तर मंचावर निदान दोन सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी, खाली आडव्या पट्ट्या देऊन पोकळी ठेवलेली, वर ताजं पॉलिश नको, आणि मायक्रोफोन पायांपाशी. आपल्याकडे पाहुण्यांचा मान म्हणून मंचभर सतरंजी अंथरायची पद्धत आहे. ती तेवढी गुंडाळून ठेवावी.